छोटा ड्रायव्हर आणि बंद डबा: किती लिटर ठेवायचे ते कसं ठरवायचं

तीन-चार इंची ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरच्या आतला मॅग्नेट आणि हलणारा शंकू (कोन) असलेला भाग, हातात आलाय, जुन्या टीव्हीतून काढलेला असो नाहीतर नवाकोरा, आणि आता त्याला डबा करायचाय. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, किती लिटरचा? उत्तर बहुतेक वेळा असं मिळतं की सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाक, ग्राफ सपाट आला की तोच डबा. चूक नाहीये ते, पण त्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध काय हे एकदा डोक्यात बसलं ना, की सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच साध्या कॅल्क्युलेटरवर कळतं की हा ड्रायव्हर बंद डब्यात किती खाली जाईल, जाईल का तरी. आणि एक आधीच सांगून ठेवतो, छोट्या ड्रायव्हरला डब्याचा साइज हा लोकांना वाटतो तितका नाजूक मामला नाही. अर्धा लिटर इकडेतिकडे झाला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते हवा गळल्याने, बाहेरून मापं घेतल्याने, आणि तीन इंची कोनकडून सबवूफरची अपेक्षा ठेवल्याने.

बंद डब्यात होतं काय

कोन मागे गेला की आतली हवा दाबली जाते आणि कोनला परत बाहेर ढकलते, पुढे आला की आत ओढते. म्हणजे हवा स्प्रिंगचं काम करते. ड्रायव्हरची स्वतःची स्प्रिंग असतेच, कोनच्या कडेची लवचिक रिंग (सराउंड) आणि मागची सुरकुत्यांची चकती (स्पायडर) मिळून. डब्यात बसवला की दोन्ही स्प्रिंगा एकत्र जोर लावतात, कडकपणा वाढतो, रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला कोन आपोआप जास्त डोलतो ती) वर सरकतो. डबा जितका छोटा तितकी हवा कडक आणि तितका रेझोनन्स वर, आणि त्याच पटीत क्यू, म्हणजे रेझोनन्सवर हे डोलणं किती मोकाट आहे त्याचा आकडा, तो पण वर. हे 'त्याच पटीत' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ड्रायव्हरचं सस्पेन्शन, म्हणजे त्याची स्वतःची स्प्रिंग, मुद्दाम ढिलं ठेवायचं आणि हवेलाच मुख्य स्प्रिंग करायचं, ही आयडिया एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमधून प्रत्यक्षात आणली. आज आपण वापरतो ते आकडे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या कामातून आलेत, बंद डब्याचं सविस्तर गणित स्मॉल यांनी १९७२ पासून छापायला सुरुवात केली. डेटाशीटवर 'थील-स्मॉल पॅरामीटर्स' लिहिलेलं असतं ते यांच्याच नावाने.

पायरी १: डेटाशीटमधून मोजकेच आकडे उचला

पंधरा-वीस ओळी असतात, घाबरू नका. डब्यासाठी तीनच लागतात. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत ड्रायव्हरचा रेझोनन्स, हर्ट्झमध्ये. क्यूटीएस म्हणजे त्या रेझोनन्सवर कोनला एकूण ब्रेक किती लागतो त्याचा आकडा, आकडा कमी म्हणजे ब्रेक जास्त. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवा ड्रायव्हरच्या सस्पेन्शनइतकीच कडक असते ते. हे 'रिकमेंडेड बॉक्स' नाहीये बरं का, नवीन लोक व्हीएएसचा आकडा बघून तेवढ्या लिटरचा डबा कापून मोकळे होतात.

शिवाय आवाज किती निघेल यासाठी एसडी म्हणजे कोनचं क्षेत्रफळ आणि एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर नीट हलतो ते, एवढे दोन बघून ठेवा. युनिट तपासा, काही ठिकाणी व्हीएएस घनफुटात देतात, १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

डेटाशीटच नसेल तर? मोजता येतं, शेवटच्या पायरीत मोजायची पद्धत दिलीय, तीच एकदा ड्रायव्हर डब्याबाहेर मोकळा ठेवून आणि एकदा डब्यात बसवून करायची.

आपण पूर्ण लेखभर एक उदाहरण घेऊ, तीन इंची फुल रेंज, एफएस ९० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५५, व्हीएएस २.२ लिटर, एसडी ३२ चौरस सेंटिमीटर, एक्समॅक्स ३ मिलिमीटर. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण या साइजचे ड्रायव्हर साधारण असेच असतात.

पायरी २: एक भागाकार करून बघा

डबा कितीही लिटरचा करा, रेझोनन्स आणि क्यू दोन्ही एकाच पटीत वाढतात, म्हणजे त्यांचा भागाकार बदलतच नाही. एफएस भागिले क्यूटीएस हा आकडा ड्रायव्हरसोबतच येतो आणि डबा त्याला हात लावू शकत नाही. आपल्या उदाहरणात ९० ÷ ०.५५ = १६४. आता सपाट बास हवा असेल तर डब्यातला एकूण क्यू, म्हणजे क्यूटीसी, ०.७०७ लागतो, तर १६४ ला ०.७०७ ने गुणा, आले ११६ हर्ट्झ. सपाट सेटिंगला याच फ्रिक्वेन्सीवर आवाज ३ डेसिबल खाली गेलेला असतो. म्हणजे लाकूड आणायच्या आधीच कळलं की हा ड्रायव्हर सपाट ११६ पर्यंत, त्याखाली दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डेसिबलने उतरत जाणार.

हाच हिशोब दुसऱ्या टोकाला लावून बघा. एफएस तोच ९०, पण मॅग्नेट तगडं आणि क्यूटीएस ०.३. ९० ÷ ०.३ = ३००, गुणिले ०.७०७ म्हणजे २१२ हर्ट्झ. असा ड्रायव्हर बंद डब्यात अगदी लुकडा वाजतो, 'मोठं मॅग्नेट म्हणजे जास्त बास' असं समजून घेतलेला असेल तर जरा वाईटच वाटतं. आणि क्यूटीएस ०.७०७ च्या वर असेल, ०.८-०.९ वगैरे, टीव्हीतल्या स्वस्त ड्रायव्हरांचा बऱ्याचदा असतो, तर कोणत्याच बंद डब्यात सपाट येणार नाही, कारण डब्याने क्यू फक्त वाढतो. असल्या ड्रायव्हरला मोठा डबा द्या, आत भरपूर फायबर (उशीतला, पायरी ६ बघा) भरा आणि बासमध्ये थोडा फुगवटा, म्हणजे आवाजाचा चढ, चालवून घ्या.

माझ्या मते छोट्या ड्रायव्हरसाठी ०.४५ ते ०.६५ च्या मधला क्यूटीएस बंद डब्याला सगळ्यात सोयीचा. एफएस भागिले क्यूईएस (नुसत्या मॅग्नेट-कॉइलच्या ब्रेकचा आकडा) करून १०० च्या वर आला तर पोर्टेड (नळी लावलेला डबा), ५० च्या आसपास किंवा खाली आला तर बंद, असाही एक ठोकताळा फिरत असतो, तो वूफरला ठीक आहे. तीन इंचीचा एफएसच मुळात वर असल्याने तो जवळजवळ नेहमी 'पोर्टेड' म्हणूनच उत्तर देतो, आपण दुर्लक्ष केलं तरी चालतं.

पायरी ३: आता लिटर

सूत्र एकच आहे: डब्याचे लिटर = व्हीएएस ÷ ((क्यूटीसी ÷ क्यूटीएस)² − १)

०.७०७ ÷ ०.५५ = १.२८५, त्याचा वर्ग १.६५, वजा १ म्हणजे ०.६५, आणि २.२ ÷ ०.६५ म्हणजे साधारण ३.४ लिटर. झालं.

पण इथेच थांबू नका, उलटं गणित करून अजून दोन-तीन साइज टाकून बघा, खरी गंमत तिथे आहे. उलटं म्हणजे व्हीएएसला डब्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, जो आकडा येईल त्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हीला गुणा. आपल्या ड्रायव्हरचे निकाल असे येतात:

८ लिटर: क्यूटीसी ०.६२, ३ डेसिबल खाली ११८ हर्ट्झला
३.४ लिटर: क्यूटीसी ०.७१, ११६ हर्ट्झला
२ लिटर: क्यूटीसी ०.८०, ११७ हर्ट्झला
१ लिटर: क्यूटीसी ०.९८, १२७ हर्ट्झला, आणि त्याच्या वर, २३० हर्ट्झच्या आसपास, सव्वा डेसिबलच्या आत एक फुगवटा

परत वाचा. ८ लिटर आणि २ लिटर यात ३ डेसिबलचा पॉइंट जवळपास जागचा हललाच नाही! चौपट डबा करून काय मिळालं, तर खूप खाली, ६० हर्ट्झच्या आसपास, ३ डेसिबल जास्त, जिथे या ड्रायव्हरचा आवाज आधीच दहा डेसिबलने पडलेला असतो. म्हणून म्हणतो, साइजवरून रात्र जागवू नका. मी स्वतः टेबलावर ठेवायच्या स्पीकरला ०.८ ते ०.९ निवडतो, फुगवटा पाऊण डेसिबलच्या आत राहतो, ऐकताना आवाज जरा भरल्यासारखा वाटतो, डबा आटोपशीर होतो, आणि छोट्या डब्यातली कडक हवा खालच्या बासला कोनला जास्त उड्या मारू देत नाही. ज्यांना सबवूफर जोडायचाय त्यांनी ०.७ धरावा, मग जोड नीट बसते. ०.५ सगळ्यात घट्ट आणि स्वच्छ असं म्हणतात, थिअरीत बरोबर आहे, पण छोट्या ड्रायव्हरवर तो बहुतेकांना कोरडा वाटतो. आणि १.१ च्या वर मात्र जाऊ नका, मग पुरुषी आवाज डब्यातून बोलल्यासारखा येतो.

एकाच डब्यात दोन सारखे ड्रायव्हर बसवायचे असतील तर लिटर दुप्पट, बाकी सगळं तेच.

अजून एक बारीक गोष्ट, बरेच जण विसरतात. अँप आणि ड्रायव्हरच्या मध्ये जो काही रेझिस्टन्स येईल, लांब बारीक वायर किंवा क्रॉसओव्हरची (फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या सर्किटची) कॉइल, तो क्यू वाढवतो. आपला ड्रायव्हर ३.६ ओहम डीसी रेझिस्टन्सचा धरला आणि मध्ये ०.४ ओहमची कॉइल आली तर क्यूटीएस ०.५५ चा साधारण ०.६० होतो, आणि २ लिटरमध्ये ०.८० ऐवजी ०.८७. फार नाही, पण आधीच काठावर असाल तर डबा थोडा मोठा धरा.

पायरी ४: आवाज किती निघेल ते आधीच मान्य करा

ग्राफ दाखवतो ते हळू आवाजातलं. मोठ्या आवाजात कोन किती हवा ढकलू शकतो यावर सगळं येऊन थांबतं. ३२ चौरस सेंटिमीटर गुणिले ३ मिलिमीटर म्हणजे जेमतेम साडेनऊ घन सेंटिमीटर हवा. भिंतीत बसवल्यासारखा धरला तर एवढ्या हवेतून १०० हर्ट्झला १ मीटरवर साधारण ८८ डेसिबल निघतो, मोकळ्या जागेत त्याहून ६ कमी. आणि फ्रिक्वेन्सी निम्मी केली की तेवढ्याच आवाजाला कोनला चौपट हलावं लागतं, म्हणजे ५० हर्ट्झला तोच ड्रायव्हर ७६ वर संपला. टेबलावर जवळून ऐकायला हे पुरतं, हॉल भरायला नाही. इक्वलायझरने बास उचलता येतो, बंद डब्याचा उतार सौम्य असल्याने ते जमतंही छान, पण खाली ६ डेसिबल उचलले तर कोन तिथे दुप्पट हलणार आणि अँपची पॉवर चौपट लागणार, एवढं धरून चाला. सब असेल तर १०० ते १२० हर्ट्झचा हाय पास (खालचा बास अडवणारा फिल्टर) लावून टाका, छोटा ड्रायव्हर एकदम मोकळा होतो, मिडरेंजसुद्धा साफ होते.

पायरी ५: डबा कापणं

लिटर म्हणजे आतले लिटर. समजा ३.५ लिटर हवेत, आतून १३ × १५ × १८ सेंटिमीटर घेतलं की ३५१० घन सेंटिमीटर, म्हणजे ३.५ लिटर. हीच मापं चुकून बाहेरून धरली आणि १२ मिलिमीटरचा एमडीएफ वापरला तर आत उरतात जेमतेम २.१ लिटर! छोट्या डब्यात लाकडाची जाडीच जागा खाऊन टाकते. मग ड्रायव्हर स्वतः किती जागा घेतो ते मिळवा, तीन इंचीला मॅग्नेटसकट ०.१ ते ०.२ लिटर धरलं तरी पुरे.

तीनही मापं सारखी ठेवू नका, एकाच फ्रिक्वेन्सीला आतला आवाज घुमतो. १८ सेंटिमीटरच्या दोन भिंतींमध्ये ९५० हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते, ती ऐन बोलण्याच्या रेंजमध्ये येते, म्हणून आत फायबर लागतोच. एवढ्या डब्याला १२ मिलिमीटर पुरेसा आहे, आधार पट्ट्या वगैरे नको.

बॅफलचं, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्या पुढच्या फळीचं, भोक बघा. जाड लाकडात छोट्या ड्रायव्हरचं भोक म्हणजे नळीच होते, कोनच्या मागची हवा बास्केटच्या (ड्रायव्हरच्या सांगाड्याच्या) फटींतून निघून लगेच लाकडाच्या कडेवर आपटते. १८ मिलिमीटर लाकूड असेल तर मागच्या बाजूने भोकाची कड ४५ अंशात तासून काढा, स्क्रूच्या जागी तेवढं लाकूड राहू द्या. नुसती खरखरीत कानस घेतली तरी होतं. मॅग्नेट आणि मागची भिंत यात दोन-तीन सेंटिमीटर तरी अंतर ठेवा.

बॅफल १६-१७ सेंटिमीटर रुंद असेल तर ७०० हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज पुढे न जाता डब्याच्या मागेही वळायला लागतो आणि समोर हळूहळू ६ डेसिबलपर्यंत कमी ऐकू येतो. 'डबा बरोबर केला तरी पातळ वाजतो' या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हे असतं, लिटर नाही. डबा भिंतीजवळ सरकवला तरी फरक कळेल.

चिकटवताना आतल्या सगळ्या कोपऱ्यांवरून सीलंटचा एक हात फिरवा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन असेल तर पूर्ण वाळेपर्यंत ड्रायव्हर बसवू नका, त्या वाफेने धातू गंजतो. गळतीची नेहमीची जागा म्हणजे मागचा टर्मिनल कप (वायर जोडायची वाटी), त्याच्या खाली आणि ड्रायव्हरच्या रिंगखाली पातळ फोम टेप लावा.

स्क्रू लावताना एक काळजी. मॅग्नेट स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्वतःकडे खेचतं, हात जरा निसटला की टोक सरळ सराउंडमधून आरपार जातं. आधी बारीक ड्रिलने भोकं पाडून ठेवा, दुसऱ्या हाताचा पंजा कोनवर आडवा धरा, आणि शेवटचे आटे हातानेच घट्ट करा, एमडीएफमध्ये मशीन लावली तर आटे गुळगुळीत होतात. बंद करायच्या आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पोलॅरिटी बघून घ्या, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे.

पायरी ६: फायबर भरणं

उशीत असतो तो पॉलिएस्टर फायबर चालतो. लिटरला ८ ते १६ ग्रॅम, मोकळा पिंजून. तो फक्त घुमणं मारत नाही, हवा दाबली जाताना तयार होणारी उष्णता तो शोषून घेतो, त्यामुळे हवेची स्प्रिंग जरा मऊ होते आणि ड्रायव्हरला डबा आहे त्यापेक्षा मोठा भासतो. थिअरीत ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, प्रत्यक्षात १० ते २५ टक्के धरा. म्हणून डबा थोडा छोटा झाला असेल तर पहिला उपाय हाच. ठासून भरू नका, एका मर्यादेनंतर फायबरच जागा अडवायला लागतो आणि डबा उलट छोटा होतो. बास्केटच्या मागे थोडी मोकळी जागा सोडा, धागे फटींतून आत जाऊन कोनच्या मागे घासायला लागले की बारीक खरखर येते आणि ती कुठून येतेय हे सापडता सापडत नाही.

पायरी ७: मोजून बघा

आधी गळती. कोनला दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांनी, सराउंडजवळ, सरळ आत दाबा आणि सोडा. दाबताना हवेचा विरोध जाणवला पाहिजे आणि फुसफुस कुठूनही नको. मग ५०-६० हर्ट्झचा टोन हळू वाजवून सांध्यांवरून ओलं बोट फिरवा, गळत असेल तिथे वारा लागतो. अगदी किंचित गळती असली तर काही होत नाही, कोनच्या मधल्या सच्छिद्र टोपीतूनही (डस्ट कॅप) थोडी हवा येत-जात असतेच.

मग रेझोनन्स. फोनवर टोन जनरेटर, तिथून अँप, अँपच्या प्लसमधून १०० ओहमचा रेझिस्टर आणि मग ड्रायव्हर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ड्रायव्हरच्या दोन टोकांना लावा. ५० हर्ट्झपासून टोन हळूहळू वर न्या, आकडा चढतो, एका जागी सगळ्यात जास्त होतो आणि परत उतरतो. तो कळस म्हणजे रेझोनन्स. ड्रायव्हर मोकळा असताना मोजलात तर एफएस, डब्यात मोजलात तर एफसी. आपल्या २ लिटरच्या डब्यात हिशोबाने तो १३० हर्ट्झला यायला हवा, आणि फायबर भरल्यावर त्याच्या थोडा खाली.

डेटाशीट नसलेल्यांनी इथूनच सुरुवात करायची. कुठलाही माहितीतल्या लिटरचा रिकामा डबा घ्या, दोन्ही रेझोनन्स मोजा, एफसी भागिले एफएस करा, वर्ग करा, १ वजा करा, डब्याच्या लिटरने गुणा, अंदाजे व्हीएएस मिळाला. ९० आणि १३० आले, डबा २ लिटरचा, तर २.१७ लिटर, बरोबर जवळ आलं. क्यू काढायला मात्र इम्पीडन्सचा (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या रेझिस्टन्सचा) पूर्ण ग्राफ लागतो, साउंड कार्ड आणि एक रेझिस्टर असेल तर 'रूम इक्यू विझार्ड' हे फुकट सॉफ्टवेअर तो काढून देतं. नवा ड्रायव्हर असेल तर आधी काही तास मध्यम आवाजात वाजवून मग मोजा, कोऱ्या सस्पेन्शनवर एफएस बऱ्याचदा थोडा वर येतो.

एफसी हिशोबापेक्षा पाच-सात टक्के इकडेतिकडे आला तर सोडून द्या, ड्रायव्हर-ड्रायव्हरमध्येच तेवढा फरक असतो. बराच वर आला तर बहुतेक बाहेरची मापं धरली गेलीत किंवा फायबर दाबून भरलाय, आणि कळस धड मिळतच नसेल, बसका आणि पसरट येत असेल, तर कुठेतरी गळतंय, टर्मिनल कपपासून शोधायला सुरुवात करा. स्टिरिओ जोडी करणार असाल तर हे सगळं पहिल्या डब्यावर उरकून घ्या आणि मगच दुसऱ्याच्या फळ्या कापा.